कवटीतली पेटी आणि पंपाचे केसिंग

प्रश्न : उद्यमनगरात माझा पंपाच्या केसिंगचा छोटा कारखाना आहे. मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मेंदूचे संकेत टिपून बिनतारी बाहेर पाठवणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्रांवर संशोधन करायचे म्हणते. यात खरोखर भवितव्य आहे का? त्यासाठी तिला डॉक्टरकी शिकावी लागेल का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टरकीची गरज नाही. भवितव्य आहे, पण धीराचे. 2004 मध्ये हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत शंभराच्या आसपास सुयांची चकती बसवली गेली, तेव्हा तार डोक्यातून बाहेर काढावी लागली होती. 1,024 इलेक्ट्रोडचे (संकेत टिपणाऱ्या सूक्ष्म टोकांचे), पूर्णपणे त्वचेखाली राहणारे बिनतारी यंत्र माणसात बसले ते जानेवारी 2024 मध्ये. मधली वीस वर्षे कशात गेली, हे मुलीने आधी समजून घ्यावे.

मेंदूतील एका पेशीचा विद्युत ठोका जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो आणि तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो. शंभर इलेक्ट्रोडवरून सेकंदाला 20,000 वेळा, प्रत्येकी 12 बिटांचे मोजमाप घेतले, तर सेकंदाला 2 कोटी 40 लाख बिट बाहेर पाठवावे लागतात. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात आर्टो नुर्मिक्को यांच्या गटाने 2013 मध्ये असे यंत्र प्राण्यांमध्ये चालवून दाखवले. पेटी टायटॅनियमची होती; त्यातून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून तिला नीलमण्याची खिडकी ठेवली होती. शिवाय जास्त माहिती पाठवायची म्हणजे जास्त वीज आणि जास्त उष्णता, आणि शरीरात बसवलेल्या यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानाहून 2 अंशांपेक्षा अधिक तापलेला मानकांना चालत नाही.

खरा शत्रू मात्र ओलावा. शरीर म्हणजे कोमट मिठाचे पाणी. मी या क्षेत्रात काम करत असताना आमचे नमुने 67 अंशांच्या खारट पाण्यात बुडवून ठेवत असू, कारण तापमान दर 10 अंशांनी वाढवले की झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते आणि वर्षाचा अनुभव दीड महिन्यात मिळतो. एक नमुना तिसऱ्याच आठवड्यात बंद पडला. उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बोर्डावरच्या संरक्षक लेपाखाली सोल्डरच्या फ्लक्सचा (डाख देताना वापरतात त्या रसायनाचा) टाचणीच्या टोकाएवढा डाग राहिला होता आणि झिरपलेल्या वाफेचे पाणी नेमके तिथे साचले होते. बोर्ड धुण्याचे काम माझे होते. आपण केसिंगमध्ये हवा भरून, ते पाण्यात बुडवून बुडबुडे पाहता; आम्ही यंत्राच्या पेटीची तीच चाचणी हेलियम वापरून करत असू, इतकाच फरक. त्यामुळे मुलीने आपल्या कारखान्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही.

शिक्षणाचे म्हणाल तर ॲनालॉग सर्किट, रेडिओ आणि थोडे विद्युत-रसायनशास्त्र पक्के करून गेट या प्रवेशपरीक्षेमार्गे एम.टेक., पुढे पीएच.डी., हा रुळलेला रस्ता. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था शरीरात बसवायच्या उपकरणांवर अनेक वर्षे काम करते आहे. तिथली कृत्रिम हृदयझडप 1990 पासून रुग्णांमध्ये बसवली जाते. केवळ मेंदूच्या यंत्रांवरच्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्या आहेत, म्हणून पेसमेकर किंवा ऐकू येण्यासाठीच्या कर्णरोपणासारखी शेजारची दारेही तिने उघडी ठेवावीत.

तोवर या सुट्टीत तिला फक्त बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर बनवून स्वतःच्या दंडाच्या स्नायूचा संकेत टिपायला सांगा, तोही कारखान्यातच बसून. आपल्या लेथच्या मोटारी चालू असताना त्यात विजेच्या पुरवठ्याची 50 हर्ट्झची घरघर इतकी शिरेल की ती काढता काढताच तिची निम्मी सुट्टी जाईल.