कोड-शंका : जुनं नाव काढायचं, पण कुणाचं काही फुटू न देता

प्रश्न : आमची पायथनमधली अंतर्गत लायब्ररी दहा-बारा प्रकल्प वापरतात. फंक्शनांची नावं वेडीवाकडी आहेत, दोन क्लास भलत्याच मॉड्यूलमध्ये पडलेत. जुनं सगळं काढून थेट 2.0 आवृत्ती दिली तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालेल, पण ते प्रकल्प 1.x वरच मुक्काम ठोकतील आणि तुम्हाला दोन शाखा सांभाळाव्या लागतील. त्यापेक्षा बदलांची यादी करा आणि निव्वळ नाव आवडत नाही म्हणून त्यात आलेलं सगळं आधी खोडा. पायथनच्या युनिटटेस्ट या चाचणी-मॉड्यूलमध्ये दोन किंमती सारख्या आहेत का हे तपासणाऱ्या ‘असर्टइक्वल’ला ‘असर्टइक्वल्स’ असं दुसरं नाव होतं. 2011 मध्ये पायथनची 3.2 आवृत्ती आली तेव्हाही ते डेप्रिकेटेडच (अजून चालतं, पण वापरू नका, पुढे काढणार, असं जाहीर केलेलं) होतं. 3.11 च्या अल्फात (सुरुवातीच्या चाचणी आवृत्तीत) काढलं, मग परत ठेवावं लागलं, आणि शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये 3.12 मधून गेलं. एका ‘एस’साठी बारा वर्षं!

यादीत उरेल त्यासाठी खरा कोड नव्या नावाच्या फंक्शनमध्ये हलवा. जुनं फंक्शन फक्त डेप्रिकेशनवॉर्निंग देईल आणि नव्याला बोलावेल. वॉर्निंगमध्ये स्टॅकलेव्हल 2 (इशारा फंक्शन बोलावणाऱ्याच्या ओळीवर नोंदा, ही सूचना) द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर इशारा तुमच्याच लायब्ररीच्या ओळीवर नोंदला जातो. पायथन डेप्रिकेशनवॉर्निंग एरवी दडवतो, 3.7 पासून फक्त थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधले दाखवतो. म्हणजे स्टॅकलेव्हल चुकला की वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टमधूनही काहीच दिसत नाही. वर्षभर इशारा दिला म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि तो कुणी वाचलेलाच नाही.

म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या टेस्टमध्ये हे इशारे एरर धरायला लावा. सरसकट लावलं तर बाहेरच्या लायब्रऱ्यांचे इशारेही आडवे येतात, तेव्हा गाळणी मॉड्यूलनुसार लावा. कमांड लाइनवरच्या ‘-डब्ल्यू’ पर्यायात मॉड्यूलचं नाव पूर्ण आणि तंतोतंत लागतं, पॅटर्न चालत नाही. पॅटर्न हवा असेल तर टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या सेटिंग फाइलमधला फिल्टरवॉर्निंग्ज वापरा.

क्लास हलवताना जास्त जपा. जुन्या जागी नव्या क्लासचा सबक्लास ठेवण्याचा मोह होतो, कारण त्यात इशारा घालणं सोपं. पण मग नव्या क्लासचा ऑब्जेक्ट जुन्या नावाच्या इझइन्स्टन्स (ऑब्जेक्ट या क्लासचा आहे का) तपासणीत नापास होतो. दोन्ही नावं एकाच क्लासकडे जायला हवीत. इशाऱ्यासाठी जुन्या मॉड्यूलमध्ये मॉड्यूल पातळीवरचं गेटअ‍ॅटर लिहा (मॉड्यूलमध्ये नसलेलं नाव मागितलं की ते चालतं), ही सोय 3.7 पासून आहे. ऑब्जेक्ट साठवून ठेवलेल्या जुन्या पिकल फाइलींत क्लासचा जुना पत्ता लिहिलेला असतो, त्याही या वाटेने उघडतात. जुनी जागा साफ पुसली तर दोन वर्षांपूर्वीचा डेटा उघडणार नाही, आणि हे नेमकं टेस्टमध्ये सापडत नाही.

पॅरामीटरचं नाव बदलताना जुन्याची डीफॉल्ट किंमत नन (पायथनची ‘काही नाही’ ही किंमत) ठेवू नका. कुणी मुद्दाम नन दिलं की काहीच दिलं नाही, हे कळणार नाही. त्यासाठी एक वेगळा खूण-ऑब्जेक्ट करा, आणि दोन्ही नावं एकदम आली तर टाइपएरर द्या.

मुदत किती? पायथनच्या पेप 387 (पेप म्हणजे भाषेतल्या बदलांचे अधिकृत दस्तऐवज) नुसार किमान दोन आवृत्त्यांत इशारा आणि शक्यतो पाच वर्षं थांबायचं. तुमचे सगळे वापरकर्ते एकाच संस्थेत आहेत, तेव्हा दोन आवृत्त्या पुरतात. पण शेवटचा प्रकल्प हलल्याशिवाय काढू नका.

प्रश्न : भाषेतच नवा कीवर्ड आला तर जुन्या कोडला असं जोडनाव देता येतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. फाइल पार्सच होत नाही (पायथनला तिची रचनाच वाचता येत नाही), तेव्हा इशारा द्यायलाही जागा उरत नाही. 2018 मध्ये 3.7 ने ‘असिंक’ला पक्का कीवर्ड केलं आणि ज्या लायब्रऱ्यांत त्या नावाचे पॅरामीटर होते त्या सिंटॅक्सएररवर अडल्या. त्या पॅरामीटरचं नाव बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणजे तो वापरणाऱ्यांचा कोडही बदलणं आलं. 3.10 मध्ये ‘मॅच’ आणताना तो संदर्भानुसार कीवर्ड ठरेल असा ठेवला. म्हणून ‘मॅच’ नावाचं व्हेरिएबल आजही चालतं. 3.9 मध्ये कोड वाचणारा नवा पेग पार्सर आल्यामुळे हे जमलं.

प्रश्न : पायथन 3.13 वर गेल्यावर सीजीआय (वेब सर्व्हरकडून आलेली विनंती वाचणारं) मॉड्यूल सापडत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पेप 594 नुसार ते 3.11 मध्ये डेप्रिकेट झालं आणि 3.13 मध्ये गेलं. नुसती क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला ‘?’ नंतरचा भाग) वाचत असाल तर यूआरएललिबमधलं पार्स-क्यूएस वापरा. मात्र ते प्रत्येक किंमत लिस्टमध्येच देतं, एकच असली तरी. कोड लगेच बदलता येत नसेल तर पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या भांडारात) ‘लेगसी-सीजीआय’ आहे.