रासायनिक समीकरण संतुलित करता येतं, पण ‘किती ग्रॅम’ विचारलं की अडतं. काय करू?

ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर जाऊ नका. आधी मोल (कणांची संख्या मोजायचं एकक; ग्रॅम ÷ रेणुवस्तुमान) काढा, मग समीकरणातलं प्रमाण लावा, शेवटी परत ग्रॅम करा. समीकरणातले आकडे मोल सांगतात, वजन नाही. यवतमाळकडच्या खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, पेपर तपासताना बहुतेकांची गाडी इथंच अडलेली दिसते. आपल्या वणी-राजुऱ्याकडची चुनखडी घ्या. तिच्यातलं २५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भाजलं, कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) किती? समीकरण: CaCO₃ → CaO + CO₂.

- रेणुवस्तुमान ४० + १२ + ४८ = १००, म्हणजे २५० ÷ १०० = २.५ मोल.
- प्रमाण १:१, म्हणून चुनाही २.५ मोल. (सगळीकडे १:१ नसतं बरं! पाणी तयार होताना हायड्रोजन-ऑक्सिजन २:१ लागतात.)
- चुन्याचं रेणुवस्तुमान ५६, २.५ × ५६ = १४० ग्रॅम.

उरलेले ११० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडाले. दोन्हींची बेरीज २५० आली की पडताळा झाला. याला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी पोरं टाळतात. फक्त हे शुद्ध चुनखडीचं गणित आहे. प्रश्नात ‘८० टक्के शुद्ध’ असेल, तर सुरुवातच २०० ग्रॅमपासून करा. चुना ११२ ग्रॅम येईल.