‘दिवे लावणे’ म्हणजे नक्की काय? कौतुक की टोमणा?

‘काय दिवे लावलेस!’ हा टोमणाच आहे: काम बिघडवलं, नाव घालवलं असा त्याचा अर्थ. शब्दशः दिवे लावणं म्हणजे उजेड करणं. तेच उपरोधाने उलटं झालं. ‘मोठा उजेड पाडलास’ हा त्याचा सख्खा भाऊ.

ओळखायची खूण व्याकरणात सापडते. टोमण्यात बहुतेक वेळा अनेकवचन येतं आणि जोडीला ‘काय’, ‘मोठे’, ‘चांगलेच’ असा एखादा शब्द असतो: ‘गणितात चांगलेच दिवे लावलेत चिरंजीवांनी.’ उलट ‘अंधार पडला, दिवा लाव’ हे साधं सांगणं. मात्र ‘दिवे लाव’ एवढंच ऐकून रागावू नका, खोलीत खरंच अंधार असू शकतो!

‘दिवटा’चीही हीच गत. मूळ अर्थ मशाल, पण ‘दिवटे चिरंजीव’ म्हणजे वाया गेलेला मुलगा.

एक अपवाद ध्यानात ठेवा: प्रत्येक दिवा उपरोधाचा नसतो. ‘वंशाचा दिवा’ आणि ‘कुलदीपक’ हे मुळात गौरवाचे शब्द आहेत. हल्ली ‘कुलदीपक’ कुत्सितपणेही म्हणतात, तेव्हा तिथे बोलणाऱ्याचा सूर पाहावा लागतो.