वाचकांचे प्रश्न : सुपरयॉटचं कोरं अंग

प्रश्न : डिझाइनर फिलिप स्टार्क यांनी स्टीव्ह जॉब्स यांच्यासाठी रेखाटलेल्या ‘व्हीनस’ या सुपरयॉटची, म्हणजे मोठ्या आलिशान खासगी बोटीची, छायाचित्रं पाहिली. काचेचे डबे एकावर एक ठेवल्यासारखी दिसते. हे डिझाइन म्हणायचं की अर्धवट सोडलेलं काम?

उत्तर : अर्धवट नक्कीच नाही. फेडशिप या डच जहाजबांधणी कंपनीने बांधलेली ही सुमारे ७८ मीटरची यॉट २०१२ मध्ये पाण्यात उतरली. बाजूने पाहिलं तर लांब सरळ रेषा छान जमली आहे. वरची सुकाणूची खोली मात्र आम्हालाही उपरी वाटते.

कोरं, म्हणजे सपाट आणि बिननक्षीचं, दिसण्यासाठी काय काय लपवावं लागतं, ते पाहा. नांगर, दोर बांधायचे खुंट, फेंडरचे (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या उशांचे) हुक, क्रेन, इंजिनाला हवा पुरवणाऱ्या जाळ्या. यातली प्रत्येक गोष्ट झाकणाआड गेली की बिजागरी, हायड्रॉलिक दट्ट्या, रबरी सील आणि पाणी निचरणारी नळी मागोमाग येतात. वस्तू कमी होत नाहीत, वाढतात. काही गोष्टी तर लपवताच येत नाहीत. डोलकाठीवरचा दिवा समोरच्या २२५ अंशांतून अखंड दिसलाच पाहिजे. उघड्या डेकला साधारण १ मीटर उंचीचा कठडा लागतो. म्हणून डिझाइनर हलची (बोटीच्या मुख्य अंगाची) कडच वर ओढून घेतो किंवा काचेचा कठडा लावतो. खाऱ्या पाण्याचे डाग पडलेली काच मात्र नळीच्या कठड्याहून जास्त नजरेत भरते.

प्रश्न : अशा सपाट बाजूंवर ऊन तिरकं पडलं की लाटा उमटलेल्या दिसतात. रंग खराब असतो का?

उत्तर : रंगाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या खालचा पत्रा पाहा. आतल्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्यांना, पत्रा वेल्ड केला की सांधा थंड होताना आकसतो आणि दोन फ्रेमच्या मधला पत्रा किंचित आत बसतो. नक्षी, पट्टे, खिडक्यांच्या रांगा असल्या की हे खपून जातं. कोऱ्या बाजूवर लपायला जागाच नसते. गडद चकचकीत रंगावर तर एखाद्या मिलिमीटरचा खळगाही दिसतो.

उपाय म्हणजे इपॉक्सी फिलर, रंगारी ज्याला लांबी म्हणतात ती. १००० चौरस मीटरवर सरासरी ५ मिमी थर दिला तर ५ घनमीटर फिलर लागतो. हलक्या जातीचा, लिटरला ०.७ किलो धरला तरी साडेतीन टन वजन झालं. एकदम जाड थर देऊ नये, कारण घट्ट होताना तो आतून तापतो आणि तडकतो. घासायला मीटरभर लांब, लवचीक फळी घ्यावी. ती आधी एका तिरप्या दिशेने आणि मग तिला छेदणाऱ्या दिशेने चालवावी. छोटं मशीन खळग्यातच शिरतं आणि तो आणखी खोल करतं. तपासणीसाठी लांब ट्यूबलाइट पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा; खड्ड्यांच्या सावल्या लगेच उमटतात.

गडद रंगाचा आणखी एक त्रास आहे. उन्हात तो पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, फिलर मऊ पडतो आणि आतल्या फ्रेमच्या रेषा वर उमटू लागतात. कोरा आकार हवा असेल तर आमचं मत फिक्या, कमी चमकेच्या रंगाला.

प्रश्न : मोठ्या काचांच्या सांध्यातून पाणी का झिरपतं?

उत्तर : काच आणि तिला धरणारं ॲल्युमिनियम सारख्याच प्रमाणात फुगत नाहीत. तापमान ४० अंशांनी बदललं तर ३ मीटरची काच सुमारे १.१ मिमी वाढते, तेवढंच ॲल्युमिनियम २.८ मिमी. शिवाय लाटांमध्ये सांगाडा वाकतो तो वेगळाच. हा सगळा फरक चिकटवणाऱ्या लवचीक पट्टीने सोसायचा असतो. ‘सांधा दिसू नये’ म्हणून ती पट्टी अरुंद केली की तुटणारच. रुंद काळी पट्टी आधीपासून रेखाटनात धरावी.

प्रश्न : उभी किंवा उलटी (वरून मागे कललेली) नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, केवळ दिखाव्यासाठी असते का?

उत्तर : नाही. बोटीच्या तेवढ्याच लांबीत पाणरेषा, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची लांबी, जास्त मिळते, त्यामुळे वेगाला फायदा होतो. पण वर फाकणारी बाजू नसल्याने पाणी बाहेर फेकलं जात नाही, पुढचा डेक ओला राहतो. नांगरही उचलताना बोटीच्या अंगावर आपटतो.

प्रश्न : पांढऱ्या भिंतींवर काळे ओघळ येतात. रोज पुसायचे का?

उत्तर : ओघळ येतात ते वरच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसल्यामुळे. कडेच्या खालच्या अंगाला अरुंद खाच ठेवली तर थेंब भिंतीला न चिकटता तिथूनच खाली पडतो, आणि लांबून ती दिसतही नाही.