डोळे झाकले, पण व्होल्ट मोजले का?

प्रश्न : माझ्याकडे दोन अँप्लिफायर आहेत. दोन्हींचा व्हॉल्यूमचा नॉब बरोबर मध्यावर ठेवला. भाऊ पडद्यामागून वायरी बदलायचा आणि मी गाणं ऐकून कोणता चालू आहे ते सांगायचो. दहापैकी सात वेळा बरोबर आलं. तो म्हणतो नशीब, मी म्हणतो कान. खरं कोणाचं?

उत्तर : नुसते ठोकताळे मारले तरी दहात सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १७ टक्के असते. १६ फेऱ्यांत १२ आले, तर ती ४ टक्क्यांच्या खाली जाते, मग बोला. मात्र फेऱ्या आधीच ठरवा, मनासारखं आलं की थांबायचं नाही.

पण खरी मेख त्या नॉबमध्ये आहे. दोघांचा गेन, म्हणजे सिग्नल किती पटींनी वाढतो ते प्रमाण, सारखा नसतो, त्यामुळे ‘मध्यावर’ला काही अर्थ नाही. अर्धा डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा आहे असं कळत नाही. तो ‘भरीव’ वाटतो, ‘मोकळा’ वाटतो, आणि माणूस अँप्लिफायरचं कौतुक करत सुटतो. १ किलोहर्ट्झचा सूर लावा, स्पीकर जोडलेलाच राहू द्या, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा. एकाचे २.०० आणि दुसऱ्याचे २.१२ व्होल्ट आले, तर झाला की अर्धा डेसिबल! २.०० ला २.०२ पर्यंत चालेल. मीटर साधा असू द्या, पण दोन्हींना तोच.

वायरी बदलण्यात वेळ जातो, तोवर आधीचा पोत कानातून पुसला जातो. म्हणून रिलेचा, म्हणजे विजेने क्षणात पलटणारा स्विच हवा, प्लस आणि मायनस दोन्ही तोडणारा. दोन अँप्लिफायरचे आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत, जळतील. रिलेचा ‘टक्’ही दर वेळी सारखाच यायला हवा, अँप्लिफायर तोच राहणार असला तरी.

आणि भाऊ! त्याला उत्तर माहीत असतं. त्याचा खाकरण्याचा सूरसुद्धा चुगली करतो. क्रम नाणं उडवून ठरवा, मनाने ठरवला की माणूस उगाच आलटूनपालटून लावतो. त्याने तुमच्याशी बोलायचंही नाही.

पुढे स्पीकरची अशी चाचणी घ्यायचा विचार असेल, तर घरी नको. स्पीकर हातभर सरकला तरी खोलीतला बास बदलतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हार्मन या ऑडिओ कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यासाठी पडद्याआड सरकती यंत्रणाच बसवली होती, दर स्पीकर काही सेकंदांत त्याच जागी आणून ठेवणारी.