अमेरिकेत भावाची दोन ट्रकची कंपनी आहे, सेफ्टी ऑडिटची मेल आलीय, तयारी कशी करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की चुलतभावाने ओहायोत दोन ट्रक घेऊन कंपनी काढली, एक तो स्वतः चालवतो, दुसऱ्यावर ड्रायव्हर ठेवलाय, कागदपत्रं तुम्ही नाशिकहून बघता आणि आता न्यू एन्ट्रन्ट सेफ्टी ऑडिटची, म्हणजे नव्या कंपनीच्या सुरक्षा तपासणीची, मेल आलीय. मी इथे इंडियानात छोट्या ट्रकिंग कंपन्यांचं सेफ्टीचं काम बघतो, त्यामुळे सांगू शकतो की दोन ट्रकसाठी हे काम आवाक्यातलं आहे, फक्त कुठली गोष्ट जीवावर बेतणारी आणि कुठली किरकोळ ते कळायला हवं.

आधी ती मेल खरी आहे का बघा. डीओटी नंबर, म्हणजे ट्रान्सपोर्ट खात्याकडचा कंपनीचा नोंदणी नंबर, मिळाला की कंपनीचा पत्ता, फोन सगळं पब्लिक होतं आणि दुसऱ्या दिवसापासून "आम्ही डीओटीकडून बोलतोय, अमुक डॉलर भरा नाहीतर नंबर बंद होईल" असे फोन सुरू होतात. एफएमसीएसए, म्हणजे अमेरिकेच्या ट्रान्सपोर्ट खात्याची ट्रक-बस बघणारी एजन्सी, या ऑडिटचा एक पैसा घेत नाही. मेलचा पत्ता डॉट जीओव्हीवर संपत नसेल तर बहुतेक कोणीतरी बाइंडर (तयार फॉर्मची फाइल) विकायला बसलंय. सरकारी खात्यासाठी ऑडिट करणाऱ्यांचे पत्ते कधीकधी वेगळे असतात हे खरं, पण मग एफएमसीएसएच्या साइटवरचा नंबर घेऊन खात्री करा, मेलमधला नको.

मेल खरी असेल तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. नवीन कंपनीवर १८ महिने नजर असते आणि माल वाहणाऱ्या कंपनीचं ऑडिट पहिल्या १२ महिन्यांत व्हायचं असतं, म्हणजे तुमच्यावर कोणी तक्रार केलीय वगैरे काही नाही. हल्ली बरीच ऑडिट ऑफसाइट होतात, यादी येते, कागद स्कॅन करून अपलोड करायचे. निकाल पास किंवा नापास. उत्तरच दिलं नाही तर तो नकार धरतात आणि रजिस्ट्रेशन जातं, आणि माझ्या मते यातच लोक सगळ्यात फुकट मरतात.

आता मुख्य गोष्ट. अशी १६ उल्लंघनं ठरलेली आहेत की त्यातलं एकही सापडलं तर बाकी फाइल कितीही सुंदर असो, सरळ नापास. सीडीएल (मोठी गाडी चालवायचं कमर्शियल लायसन्स) नसलेला किंवा सस्पेंड झालेला ड्रायव्हर, मेडिकल अनफिट ड्रायव्हर, इन्शुरन्स नसणं, आउट ऑफ सर्व्हिस केलेली, म्हणजे तपासणीत चालवायला बंदी घातलेली, गाडी दुरुस्त न करता रस्त्यावर काढणं, ही त्यातली काही. पण छोट्या कंपन्या जिथे हमखास अडकतात ते म्हणजे ड्रग आणि अल्कोहोल टेस्टिंग प्रोग्रामच नसणं. मालक म्हणतो मी सुपारीसुद्धा खात नाही, ट्रक माझा, कंपनी माझी, मी माझीच टेस्ट कशाला करू? नियमाला त्याचं काही देणंघेणं नाही, सीडीएलवर गाडी चालवतोय म्हणजे तो स्वतःच्याच कंपनीचा ड्रायव्हर आहे आणि त्याचीही फाइल, त्याचीही टेस्ट लागते. आणि दुसरा ड्रायव्हर १०९९वर (कॉन्ट्रॅक्टरला देतात तो टॅक्स फॉर्म) आहे, कॉन्ट्रॅक्टर आहे, म्हणून त्याची फाइल नको असं कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे, टॅक्ससाठी तो कोणीही असो, सेफ्टीच्या नियमात तुमच्या डीओटी नंबरखाली ट्रक चालवणारा तुमचा एम्प्लॉयीच धरतात.

म्हणून भावाला आजच विचारा की कुठल्या कन्सॉर्शियममध्ये नाव घातलंय का. रँडम टेस्टिंगचा दर वर्षाला ड्रगसाठी ड्रायव्हरांच्या सरासरी संख्येच्या ५० टक्के आणि अल्कोहोलसाठी १० टक्के आहे, दोन माणसांच्या कंपनीला स्वतः चिठ्ठ्या काढून ते जमणारं नाही, म्हणून बऱ्याच कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र करून कन्सॉर्शियम हे काम करतं. त्यांचं एनरोलमेंटचं सर्टिफिकेट, दोघांचे प्री-एम्प्लॉयमेंट ड्रग टेस्टचे निगेटिव्ह रिझल्ट, आणि कंपनीची टेस्टिंग पॉलिसी मिळाल्याची ड्रायव्हरची सही, एवढं हातात पाहिजे. शिवाय क्लिअरिंगहाउस. हा ड्रग-अल्कोहोल उल्लंघनांचा सरकारी डेटाबेस ६ जानेवारी २०२० पासून सुरू आहे, ड्रायव्हरला कामावर घेण्याआधी त्यात फुल क्वेरी (पूर्ण नोंद बघणं) करायची आणि मग वर्षातून एकदा निदान लिमिटेड क्वेरी (काही नोंद आहे का एवढंच बघणं). फुल क्वेरीला ड्रायव्हरने स्वतः त्याच्या अकाउंटमधून संमती द्यावी लागते, हे तुम्ही नाशिकहून करू शकत नाही, म्हणून त्याला आधीच फोन करून ठेवा.

आणि इथे तारखा महत्त्वाच्या. निगेटिव्ह रिझल्ट आधी, पहिला लोड (मालाची फेरी) नंतर. उलटं झालं असेल तर ते उल्लंघन आहेच, पण उशिरा केलेली टेस्ट त्या १६च्या यादीत नाही, प्रोग्रामच नसणं आहे. त्यामुळे राहिलं असेल तर ड्रायव्हरला थांबवा, टेस्ट करा, क्वेरी करा, खरी तारीख राहू द्या आणि कधी लक्षात आलं, काय केलं याची एक साधी नोंद फाइलला लावा. जुनी तारीख टाकायचा मोह अजिबात नको. लॅबची तारीख लॅबकडे आहे, क्वेरीची वेळ सरकारच्याच सर्व्हरवर आहे, तुम्ही कोणाला फसवणार?

ड्रायव्हर फाइलमध्ये पूर्ण भरलेला अर्ज (सीडीएलवाल्याला एकूण १० वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात, लोक तीन लिहून सोडतात), कामावर लागल्यापासून ३० दिवसांच्या आत काढलेला एमव्हीआर (राज्याकडची ड्रायव्हिंगची नोंद), मेडिकल सर्टिफिकेट, रोड टेस्ट किंवा तिच्या जागी सीडीएलची कॉपी, आणि मागच्या ३ वर्षांतल्या मालकांकडे केलेली सेफ्टीची चौकशी. जुना मालक उत्तरच देत नाही ही नेहमीची रड, तर तुम्ही विचारलं होतं याचा पुरावा ठेवा, मेल, फॅक्स, काहीही. बाजारातल्या तयार बाइंडरमध्ये दरवर्षी ड्रायव्हरने स्वतःच्या चलनांची यादी लिहून द्यायचा फॉर्म अजून असतो, तो नियम २०२२च्या मे महिन्यात गेला, त्यावर वेळ घालवू नका. वर्षातून एकदा एमव्हीआर काढून तपासणं मात्र आहेच.

लॉगबद्दल, म्हणजे ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदीबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण तुम्ही भारतातून बॅक ऑफिस करताय. नियम पाठ असतील तुमचे, १० तास सलग सुट्टीनंतर ११ तास ड्रायव्हिंग, कामावर आल्यापासून १४ तासांची खिडकी (त्यानंतर ड्रायव्हिंग नाही), ८ तास चालवल्यावर ३० मिनिटांचा ब्रेक, ८ दिवसांत ७० तास ड्यूटी. लॉग आणि त्याला आधार देणारे कागद ६ महिने ठेवायचे. आता ऑडिटर नुसता लॉग बघत नाही, तो डिझेलची पावती, बिल ऑफ लेडिंग (मालाची पावती), टोल हे लॉगशेजारी ठेवतो. लॉगमध्ये ड्रायव्हर टोलेडोत झोपलाय आणि त्याच वेळी इंडियानात डिझेल भरल्याची पावती, मग तो उशीर नाही, खोटा लॉग झाला. काही बॅक ऑफिसवाले "आम्ही तास अ‍ॅडजस्ट करून देतो" असं उघडपणे सांगतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. ऑफिसने सुचवलेला बदल ड्रायव्हरने मान्य करावा लागतो, मूळ नोंद पुसली जात नाही आणि ईएलडीने (ट्रकमधलं लॉग नोंदवणारं यंत्र) आपोआप धरलेला ड्रायव्हिंगचा वेळ कमी करायला परवानगीच नाही. पर्सनल कन्व्हेयन्स (ड्यूटी नसताना खासगी कामाला ट्रक चालवणं) लावून लोड पुढे नेणं हीसुद्धा तीच जात. तुम्ही स्वतः काय करा, तर शेवटच्या महिन्याच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून लॉगशी जुळवा, अनआयडेंटिफाइड ड्रायव्हिंगच्या (कुठल्याच ड्रायव्हरच्या नावावर नसलेल्या) नोंदी पडून असतील तर कोणाच्या आहेत ते लावा, आणि तुमचं ईएलडी एफएमसीएसएच्या चालू यादीत आहे का बघा, कारण डिव्हाइस यादीतून काढून टाकतात आणि कंपनीला पत्ता नसतो.

गाडीच्या कागदात ट्रेलर विसरतात! ट्रॅक्टरचं (पुढच्या इंजिनवाल्या भागाचं) वार्षिक इन्स्पेक्शन असतं, ट्रेलरचं कोणी मागितलेलंच नसतं, आणि ट्रेलर दुसऱ्याचा असला तरी तो तुम्ही ओढताय. तपासलेल्या गाड्यांपैकी ५१ टक्के किंवा जास्त गाड्या वार्षिक इन्स्पेक्शनशिवाय चालवलेल्या निघाल्या तर तेही थेट नापासच्या यादीत आहे, आणि दोन ट्रकच्या कंपनीत हा आकडा गाठायला काय लागतं. प्रत्येक गाडीची वेगळी फाइल करा, व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक), टायर साइज, दुरुस्तीच्या पावत्या, पुढचं काम कधी आहे. रोडसाइड इन्स्पेक्शन झालं असेल तर तो रिपोर्ट सही करून १५ दिवसांत परत पाठवायचा असतो, ड्रायव्हरच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील ते, काढायला लावा.

इन्शुरन्सचं, साध्या मालाला आंतरराज्य वाहतुकीत किमान ७,५०,००० डॉलर, माल मिळवून देणारे ब्रोकर १० लाख मागतात म्हणून ते सहसा असतंच, पण ऑडिटर एमसीएस-९० नावाचा, पॉलिसीला जोडलेला कागद मागतो आणि एजंट ब्रोकरला पाठवायचं सर्टिफिकेट पुढे करतो, ते चालत नाही. अपघाताचं रजिस्टर एकही अपघात नसला तरी ठेवा, कोऱ्या पानावर कंपनीचं नाव आणि "काही नाही" एवढं पुरे.

एक गोष्ट ऑडिटच्या यादीबाहेरची पण आत्ताची, २५ जून २०२५ पासून ड्रायव्हरला इंग्रजीत पोलिसांशी बोलता आलं नाही किंवा रस्त्यावरचे बोर्ड कळले नाहीत तर जागेवर आउट ऑफ सर्व्हिस करतात. नियम जुनाच आहे, अंमलबजावणी कडक झालीय.

समजा नापास झाला तरी लगेच कुलूप लागत नाही. पत्र येतं, माल वाहणाऱ्या साध्या कंपनीला ६० दिवस मिळतात, त्यात काय सुधारलं ते पुराव्यासकट लिहून द्यायचं. ते मान्य झालं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, मग ३० दिवसांनी पुन्हा अर्ज. त्या पत्राची वाट बघत ५५व्या दिवशी लिहायला घेऊ नका.

ऑडिटरशी फोनवर भावानेच बोलावं, तुम्ही लाइनवर राहा. त्याला विचारतात की ड्रायव्हरचे तास कोण तपासतं, गाडी बिघडली तर कोणाला कळवतात, आणि तिथे "ते सगळं माझी बहीण बघते" हे उत्तर बरं दिसत नाही. यादीत जेवढं मागितलंय तेवढंच, त्याच क्रमाने अपलोड करा, प्रत्येक फाइलला ड्रायव्हरचं नाव आणि कागदाचं नाव द्या, मोबाइलवरून काढलेले तिरके फोटो नकोत.