अलर्टचा आवाज हवेतून नको, आतूनच न्या

तुमची अडचण मला कळली ती अशी: उद्यमनगरातल्या शॉपमध्ये एकाच पीसीवर भट्टीच्या तापमानाचा प्रोग्रॅम आहे. मर्यादा ओलांडली की स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजतं, ते माइकने ऐकून व्हॉइस कमांडने लॉगशीट उघडायची. कधी उघडते, कधी नाही. माइक बदलला तरी तेच.

माइकचा दोष नाही. बऱ्याच पीसीत आणि हेडसेटमध्ये एको कॅन्सलेशन असतं. कॉलवर समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू जाऊ नये म्हणून, स्पीकरवर जे वाजतंय ते माइकच्या आवाजातून वजा केलं जातं. त्यात तुमचा अलर्टच पुसला जातो. उरलंसुरलं लेथ आणि प्रेसच्या गोंगाटात जातं. व्हॉल्यूम वाढवून आवाज फाटतो, आणि फाटलेलं वाक्य ओळखणं आणखी अवघड.

प्रोग्रॅमला स्क्रिप्ट चालवता येत असती तर मी आवाजाच्या वाटेला जाऊच नका म्हटलं असतं. पण तो फक्त साउंड फाइल वाजवतो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा व्हीबी-केबल टाका, म्हणजे एका प्रोग्रॅमचा आवाज पीसीच्या आतूनच दुसऱ्याला माइकसारखा देणारं सॉफ्टवेअर. नावं उलटी वाटतात, इथे बरेच जण अडकतात: प्रोग्रॅमचा आवाज 'केबल इनपुट'वर सोडायचा आणि व्हॉइस कमांडला माइक म्हणून 'केबल आउटपुट' द्यायचा. मग स्पीकर गप्प होईल. कामगारांना अलर्ट ऐकू यायला हवाच, म्हणून 'केबल आउटपुट'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन टु धिस डिव्हाइस' चालू करून तिथे स्पीकर निवडा.

आता फाइल. सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवा, नाहीतर ऐकणं सुरू होईपर्यंत पहिलं अक्षर निसटतं. आधी व्हॉइस कमांडला जागं करायचा, हाक मारायचा शब्द, मग थोडी उसंत, मग कमांड. 'ओपन'सारखा एकटा शब्द नको, तीन-चार शब्दांचं वेगळं वाक्य घ्या.

विंडोजच्या जुन्या स्पीच रेकग्निशनमध्ये मराठी नाही, त्यामुळे कमांड इंग्रजीत द्यावी लागेल. मी स्वतः व्होस्क हे बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतो. इंटरनेट लागत नाही, आणि त्याच्या छोट्या मॉडेलला (भाषेच्या फाइलला) 'एवढीच वाक्यं ऐक' असं सांगता येतं. चार वाक्यांतून एक ओळखायचं असलं की चुका फार कमी होतात. त्याला १६ किलोहर्ट्झ मोनो आवाज द्या.

कमांड झाल्यावर 'झालं' असं बोलणारा आवाज ठेवणार असाल तर तो थेट स्पीकरवर सोडा, केबलवर नाही. तो केबलवर गेला तर कॉम्प्युटर स्वतःचंच ऐकून पुन्हा कमांड चालवू शकतो. एकदा कमांड चालली की तीस सेकंद दुसरी घेऊ नये, अशी अटही घाला.

आणि कळकळीने सांगतो, यावर फक्त लॉगशीट उघडा. भट्टी बंद करायचं काम तापमान कंट्रोलरच्या अलार्म रिलेवरून कॉन्टॅक्टरलाच, म्हणजे भट्टीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचलाच द्या. पीसी हँग असला तरी त्याने वीज तोडलीच पाहिजे.